मंदीत नको म्हणता, तेजीत तरी कुठं हो म्हणाला होता?

आज दुपारी मामाकडं सत्यनारायण होता. पूजा झाली, जेवणं झाली आणि पुरुषमंडळी हॉलमध्ये पंख्याखाली बसली. तिथं माझ्या मामेभावानं सगळ्यांसमोर सांगितलं की त्याला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, एक गाळा भाड्यानं घेऊन टूल ग्राइंडिंगचं, म्हणजे मशीनच्या टूल्सना धार लावून द्यायचं छोटं शॉप टाकायचं आहे. सव्वीस वर्षांचा पोरगा. हातात हिशेबाची वही. ती उघडायच्या आतच एक पाहुणे म्हणाले, "मंदीत धंदा काढणं म्हणजे पंचगंगेला पूर आल्यावर पोहायला शिकणं." सगळे हसले. टाळ्या देऊन हसले. पोरानं वही मिटली आणि आत जाऊन ताटं उचलायला लागला.

मी गप्प बसले. पूजेच्या घरात भांडण नको म्हणून. आता रात्रीचे साडेनऊ झालेत, घरात सगळे झोपलेत आणि तो हशा काही माझ्या कानातून जाईना. जास्त राग कशाचा आला माहीत आहे? मामा स्वतः तिथं बसला होता, बाप म्हणून, आणि एक शब्द बोलला नाही. खाली फरशीकडं बघत बसला.

मंदी आहे हे मला कुणी शिकवू नका. मी बारा वर्षं छोट्या दुकानदारांचे आणि वर्कशॉपवाल्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. कुणाची विक्री किती उतरली ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. आमचा हा पोरगासुद्धा मंदीनंच घरी बसलाय. शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या टूल रूममध्ये पाच वर्षं होता, कंत्राटावर. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्या शॉपच्या निर्यातीच्या ऑर्डरी थांबल्या, आधी ओव्हरटाइम गेला, मग एक शिफ्ट गेली, मग कंत्राटी पोरं गेली. त्याला मंदी पेपरात वाचावी लागत नाही.

पण हसणाऱ्यांनो, मला एक सांगा. २०१८ ला आयटीआय करून बाहेर पडला तेव्हा हाच विषय निघाला होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, अनुभव घे आधी. २०२१ ला म्हणालात, करोना आहे, वेडा आहेस का. २०२३ ला कामं जोरात होती, तेव्हा म्हणालात, चांगली चाललेली नोकरी कोण सोडतं. आता नोकरीच राहिली नाही, तर म्हणता मंदी आहे. म्हणजे तुमचं 'नको' आधीच ठरलेलं असतं. दर वर्षी फक्त कारण बदलतं.

आणि हे बोलणारे कोण? पहिल्या तारखेला ज्यांच्या खात्यात पैसे पडतात ते. पेन्शनला मंदी नसते. तिला पूर येत नाही.

माझ्या आईला हेच सगळं २००९ मध्ये ऐकावं लागलं होतं. इथं बऱ्याच जणांना माहीत आहे आमच्या डंकाची गोष्ट, तरी सांगते.

बाबा एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते. २००८ च्या दिवाळीनंतर ट्रकवाल्यांनी गाड्यांचं उत्पादन कमी केलं आणि कास्टिंगची मागणी एकदम बसली. आधी आठवड्यातून तीन दिवस काम, मग दोन दिवस, मग जानेवारीत सांगितलं की निरोप येईल तेव्हा या. निरोप आला नाही. बाबा रोज सकाळी डबा घेऊन कामावर जायचं असल्यासारखे साडेसहाला उठायचे आणि अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी बारावीला होते. मला त्या खुर्चीचीच भीती वाटायची.

आई एक दिवस गंगावेशीतून आली ती सांगतच आली की एकजण डंक विकतोय. मिरची कुटायचा. त्याचा मुलगा पुण्याला गेला होता, त्याला धंदा बंद करायचा होता. ३८ हजार म्हणाला. नव्याची किंमत त्याच्या दुप्पट. आईनं भिशीचा नंबर त्या महिन्यात मागून घेतला, उरलेल्यासाठी दोन पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. घरात बैठक बसली. आजच्यासारखीच. हेच पाहुणे होते त्यातले निम्मे. "बायामाणसानं मंदीत असलं काही करू नये." मामाही म्हणाला होता, "आक्का, नको करूस. पाटल्या जातील."

आईचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "मी करतो की. मंदी आली म्हणून लोकं चटणीबिगर जेवणार हाईत काय?"

कोल्हापूरच्या बाहेरच्या मित्रांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे ताटातली हिरवी-लाल चटणी नव्हे. वर्षाचा कांदा-लसूण मसाला, त्याला आम्ही चटणी म्हणतो. आमटी, रस्सा, उसळ, सगळं तिच्यावर चालतं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत घराघरांतून मिरच्या येतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. गच्चीवर वाळवायच्या, देठ काढायचे, थोड्या तेलावर परतायच्या. खोबरं, तीळ, धने, दगडफूल, तमालपत्री, वेलदोडे वेगळे भाजायचे. कांदा तळायचा, लसूण सोलायचा. हे सगळं डब्यांत भरून डंकावर न्यायचं आणि समोर उभं राहून कुटून घ्यायचं, कारण आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळली तर वर्षभर घरात बोलणी बसतात. बाई घामानं आणि खकाण्यानं लाल झालेली असते, शिंकत असते, पण डंकापासून हलत नाही. जाताना किलोमागे ठरलेले पैसे हातात देऊन जाते. रोख. त्या शेवटच्या शब्दाकडं नीट लक्ष द्या, पुढं तोच कामाला येणार आहे.

पाडव्याला डंक सुरू केला. मंदीत. अर्धा सीझन हातातून गेलेला. पहिले तीन दिवस एक बाई फिरकली नाही. चौथ्या दिवसापासून येऊ लागल्या आणि मे महिन्यात तर रात्री अकरापर्यंत डंक चालू. बाबांनी खुर्ची आत ठेवली आणि चाळणी धरली.

मला कळतं, लगेच कुणी तरी म्हणणार की एकीचं चाललं म्हणून सगळ्यांचं चालत नाही. बरोबर आहे. माझ्या स्वतःच्या गिऱ्हाइकांपैकी तिघांनी २०२० मध्ये शटर ओढलं ते पुन्हा उघडलं नाही. आईलाही पावसाळ्यात डंकाला काम नव्हतं, हळदीवर आणि थालीपिठाच्या भाजणीवर कसेबसे दिवस काढले. कुणी शिकेकाई घेऊन आलं तर आई परत पाठवायची, वास चटणीला लागेल म्हणून, आणि त्या दिवसांत परत पाठवणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. पुढच्या वर्षी पिठाची चक्की आली तेव्हा कुठं बारा महिने काम मिळालं.

पण आई बुडाली नाही याची कारणं होती, नशीब नव्हतं. तिनं बाबांच्या फंडाच्या पैशाला हात लावला नाही. "फंड घराचा, भिशी डंकाची." हे तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फंडावर घर वर्षभर चाललं असतं, म्हणून डंकाला वर्षभर वेळ मिळाला. जागा घरचीच, पुढची खोली, भाडं नाही. मशीन जुनं, निम्म्या किमतीत, कारण मंदीत विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे असतात. आणि धंदा असा की मंदीत माणूस तो खर्च टाळत नाही, उलट विकतची पाकिटं सोडून घरची मिरची कुटायला आणतो.

आता या पोराच्या वहीकडं बघा. जी एकानंही उघडू दिली नाही. ती मी नंतर स्वयंपाकघरात बसून वाचली.

कारखान्यांत व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनला, कार्बाइडची, म्हणजे अगदी टणक मालाची, एंडमिल आणि ड्रिल ही कापायची टूल्स लागतात. त्यांची धार जाते. नवीन घ्यायचं तर एकेक टूल हजारांत. डायमंड व्हीलवर पुन्हा धार लावली तर थोडक्या खर्चात तेच टूल परत कामाला येतं. तेजीत झिजलेलं टूल बाजूला पडतं आणि नवीन निघतं, कारण कुणाला वेळ नसतो. मंदीत मालक स्वतः टूल रूममध्ये येऊन विचारतो, हे आधी धार लावून का नाही बघितलं? नवीन खरेदी थांबते, दुरुस्ती थांबत नाही. आईनं मिरचीत जे ओळखलं तेच यानं कार्बाइडमध्ये ओळखलं. पाच वर्षं तेच काम केलंय त्यानं, हात बसलेला आहे.

तो एकतीस वर्कशॉप फिरून आलाय. चालत आणि मोटारसायकलवर. प्रत्येकाला विचारलं, तुमची टूल्स कुठं धार लावायला देता? निम्म्याहून जास्त जण पुण्याला पाठवतात आणि आठ-दहा दिवस थांबतात. वहीत प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलंय, महिन्याला किती टूल्स, कुठल्या मापाची. एका बंद होणाऱ्या शॉपमधलं जुनं ग्राइंडर २ लाख ४० हजारांना मिळतंय. व्हील, कॉलेट, फिक्स्चर असं बाकीचं सामान ६० हजार. गाळ्याचं डिपॉझिट ५० हजार. आणि खाली एक ओळ, दोनदा अधोरेखित: पहिले सहा महिने घरी काही देता येणार नाही असं धरून चालायचं.

सांगा, हसणाऱ्यांपैकी कुणी आयुष्यात असा हिशेब मांडलाय? मुलाच्या लग्नाच्या हॉलला तेवढे पैसे एका दिवसात देताना कुणी सहा महिन्यांचा विचार केला होता? तेव्हा मंदी नव्हती का?

आता बँकेचं सांगते, म्हणजे अजून डोकं फिरेल. मुद्रा योजना २०१५ पासून आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, तारण नको. जाहिरातीत हसरी बाई शिलाई मशीनवर बसलेली. हा पोरगा किशोरसाठी एका बँकेत गेला. तिथं त्याला म्हणाले, तीन वर्षांचे धंद्याचे रिटर्न आणा. अहो, धंदा सुरू करायला कर्ज मागतोय तो! तीन वर्षांचे रिटर्न असते तर तो तुमच्या दारात आला असता का? मग म्हणाले, वडिलांचं घर आहे ना, त्याची कागदं बघू. मी उद्या नाही, परवा त्याच्याबरोबर जाणार आहे. छोट्या उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी, मशीनचं कोटेशन, एकतीस वर्कशॉपची यादी, सगळं फायलीत लावून. 'नाही' म्हणायचं असेल तर लिहून द्या म्हणणार आहे.

...पाणी पिऊन आले. थोडं शांत लिहिते.

मामाबद्दल वर जे लिहिलं ते पुसत नाही, पण पुढचंही लिहायला पाहिजे, नाहीतर ते खोटं होईल.

मामाचं स्वतःचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांना सुटे भाग घडवून द्यायचं शॉप होतं. दोन लेथ, एक मिलिंग. उद्यमनगरातच. चांगला कारागीर, नुसत्या बोटानं चाचपून सांगायचा किती माल जास्त राहिलाय. आपल्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींची परंपराच ती. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचे सुटे भाग येईनात तेव्हा इथल्या माणसांनी ते स्वतः घडवले, हे मामाच मला लहानपणी सांगायचा. पण मामाचं ऐंशी टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं आणि तो पैसे द्यायचा १२० दिवसांनी. कामगारांना शनिवारी पगार, वीजबिल महिन्याला, आणि स्वतःचे पैसे चार महिन्यांनी. नोटाबंदीत हलला, सावरला. जीएसटी आला, सावरला. २०१९ ला गाड्यांचा धंदा बसला, त्यातच ऑगस्टात महापूर, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, आठवडाभर माल ना आला ना गेला. २०२० ला लॉकडाऊन. त्या गिऱ्हाइकानं फोन उचलायचं बंद केलं. दिवाळीच्या आधी लेथ टेंपोत चढले, किलोच्या भावानं. मामा रस्त्यात उभा राहून दोरी बांधायला मदत करत होता. स्वतःच्या मशीनला.

कायदा आहे, मला माहीत आहे, माझं कामच ते आहे. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, छोट्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या. १ एप्रिल २०२४ पासून तर त्या मुदतीत न दिलेले पैसे माल घेणाऱ्याला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाहीत, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येतात. मी मामाला हे उत्साहानं सांगायला गेले होते. तो म्हणाला, "पोरी, पंचेचाळीस दिवस मागितले की पुढचं काम शेजारच्या शटरला जातं." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. मंदी धंदा मारत नाही, उधारी मारते, असं मी ज्याला त्याला सांगते, पण मंदीतच उधारी लांबते हे मला मान्य करावं लागतं. म्हणूनच आईचा डंक टिकला आणि मामाचे लेथ गेले. आईला पैसे त्याच दिवशी हातात मिळायचे. कारागिरीत मामा दहा पट सरस होता.

पोराच्या वहीत त्यावरही लिहिलंय. पहिलं वर्ष छोट्या वर्कशॉपचंच काम, टूल नेताना पैसे. मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड, म्हणजे तिचा पुरवठादार म्हणून नोंद, नंतर. बाप बुडाला ते त्यानं उघड्या डोळ्यांनी बघितलंय, हसणाऱ्यांना काय वाटलं, तो विसरलाय?

दर २६ जूनला तुम्ही सगळे शाहू महाराजांचा फोटो लावता. मीही लावते. गंगाराम कांबळेंची गोष्ट आपल्याला पाठ आहे. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला बळ दिलं, त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, आणि गावात कुणी तिथं पाय ठेवेना तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायले. ती लढाई अस्पृश्यतेची होती, तिची आणि आमच्या मंदीची बरोबरी मी करत नाही, करणारही नाही. पण राजानं काय केलं ते तरी बघा. भाषण दिलं नाही. गिऱ्हाईक झाला. आपल्या घरातला पोरगा धंदा काढतो म्हणाला तर आपण त्याचं गिऱ्हाईक होणं सोडा, आपण टाळ्या देऊन हसतो.

हे लिहिताना एक गोष्ट आठवली आणि मघापासून बोटं थांबलीत.

आईच्या डंकाचे पहिले तीन दिवस कोरडे गेले म्हटलं ना वर. चौथ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक कोण आलं होतं? मामी. पाच किलो मिरची घेऊन, रिक्षानं. आईला केवढा आनंद झाला होता. त्यांची वर्षाची चटणी महिन्याभरापूर्वीच करून बरणीत भरलेली होती, हे मामीनं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. मामानं बाजारातून पाच किलो मिरची आणली आणि म्हणाला, "आक्काकडं घेऊन जा. आणि मी पाठवलंय म्हणू नको." आणि बैठकीत 'नको करूस' म्हणणाऱ्या याच मामानं आदल्या रविवारी येऊन डंकाचं फाउंडेशन लेव्हल करून दिलं होतं, खाली शिम घालून, पट्टा सरळ चालतोय का बघत, रात्री दहापर्यंत.

दर खंडेनवमीला तो अजून मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि डायल गेज पाटावर मांडतो. शॉप नाही, मशीन नाही, पण तेल लावून पुसून, हळदकुंकू वाहून पूजा करतो. मी दर वर्षी बघते. आज तो फरशीकडं बघत होता ते पोराची लाज वाटून नव्हतं. मला हे दुपारीच कळायला हवं होतं.

पाहुण्यांच्या हशाबद्दलचा माझा राग तसाच आहे. तो कमी होणार नाही.

पोस्ट टाकायच्या आधी मामाला फोन केला. एवढ्या रात्री घाबरला आधी. मी म्हटलं, वही बघितलीस का? म्हणाला, बघितली, सगळे गेल्यावर. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "गिऱ्हाईकं सगळी शिरोलीची लिहिल्यात त्यानं. पूर आला की पूल बंद. निम्मी गोकुळ शिरगावची धर म्हणावं, तिकडं पाणी आडवं येत नाही." मी म्हटलं, तूच सांग की त्याला. परत गप्प. मागं मामी काही तरी बोलत होती, त्यानं तिला थांब म्हटलं.

"ते ग्राइंडर बघायला कधी जाणार हाय तो?"

उद्या सकाळी दहाला, मी म्हटलं.

"स्पिंडलला डायल लावून रनआउट, फिरताना किती डगमगतोय ते, बघितल्याशिवाय एक रुपया टोकन द्यायचं न्हाई. जुन्या मशीनला रंग मारून विकत्यात लोकं. थांबा म्हणावं माझ्यासाठी. डायल गेज घेऊन येतो मी."